समुद्रात पडलेला मनोरा

चूक वाऱ्याची होती, असं इदिल आजही म्हणते. लिबान म्हणतो, वारा समुद्रावरून आला होता, आणि त्या मंडपात समुद्राची मिजास मिरवणारी एकच मुलगी होती.

त्या वर्षी मोगादिशूत शहरांचं प्रदर्शन भरलं होतं. लढाईत मोडलेल्या आणि आता पुन्हा उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शहराने एक टेबल मांडायचं, आपले रस्ते, शाळा, बाजार दाखवायचे. किस्मायो नगरपालिकेने आपली सर्वांत तरुण इंजिनिअर पाठवली होती, चोवीस वर्षांची इदिल. महिनाभर खपून तिने पुठ्ठ्याचं बंदर केलं होतं, निळ्या कागदाचा समुद्र केला होता. ते सगळं ती टेबलावर मांडत होती, तेवढ्यात झुळूक आली आणि शेजारच्या टेबलावरचा वीतभर उंच मनोरा उडून थेट तिच्या समुद्रात पडला.

"हे काय?" ती म्हणाली.

"बैदोआचा घड्याळमनोरा." शेजारचा तरुण, लिबान, अजिबात ओशाळला नव्हता. "अजून बांधायचाय."

"बांधायच्या आधीच पडला?"

"पडला नाही. पोहायला आलाय. आमच्याकडे समुद्र नाही ना, अबायो..."

'अबायो' म्हणजे ताई. पण त्याच्या तोंडी तो शब्द असा काही आला की इदिलने शालीचं टोक ओढून हसू लपवलं. लिबानने मनोरा उचलला खरा, पण उचलताना त्याची नजर मनोऱ्यावर नव्हती.

मग दोन दिवस नुसती जुंपली. लोक जमले की लिबान मोठ्याने सांगायचा, "या, बैदोआचं झऱ्याचं पाणी एकदा प्या, परत जायचं नाव काढणार नाही!" ती त्याहून मोठ्याने म्हणायची, "पाणी पिऊन झालं की इकडे या, जेवायला ताजा मासा देते!" दुपारी जेवणाच्या ताटात भातावर केळं आलं, तेव्हा त्याने आपलं अर्धं केळं मोडून तिच्या ताटात ठेवलं.

"हे कशाला?"

"बैदोआकडून भेट. किस्मायोचे लोक बोलून बोलून दमतात."

तिने केळं खाल्लं. आभार मात्र मानले नाहीत.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत तिच्या टेबलापाशी आले. जन्म किस्मायोतला, पण पंचवीस वर्षांत परत गेले नव्हते. "पोरी, मशिदीमागची आमची गल्ली दाखव." इदिलने नकाशावर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने मान हलवली. "छे, तिथे तर विहीर होती. गोड्या पाण्याची. सगळ्या किस्मायोला ठाऊक होती." मग तिच्याकडे नीट पाहत ते हळूच म्हणाले, "तू तिथली नाहीस ना, बाळ?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण इदिलचं बोट नकाशावरून खाली आलं. दोन दिवस मोठमोठ्याने सांगितलेलं शहर एका विहिरीपाशी संपलं होतं.

आता लिबान हसणार, असं तिला वाटलं. पण तो खुर्ची घेऊन आला. "आजोबा, बसा. विहीर कुठे होती, ते तुम्हीच काढून दाखवा. ही इंजिनिअर आहे, लिहून घेईल." त्याने तिच्या हातात पेन्सिल दिली आणि आपल्या टेबलाकडे निघून गेला. म्हाताऱ्याने तासभर सांगितलं. विहीर, चिंच, शिंप्याचं दुकान... जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी मंडपामागे ती एकटीच चहा पीत होती. लिबान दोन हात अंतर ठेवून बसला.

"किस्मायोत कधीपासून आहेस?" आज तो 'तुम्ही' विसरला होता.

"तीन वर्षं."

"आणि त्याआधी?"

तिने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "इफो."

इफो म्हणजे सीमेपलीकडे, केनियातली निर्वासितांची छावणी. लिबान झटकन तिच्याकडे वळला.

"इफोत कुठे?"

"शाळेजवळच्या नळापाशी."

"पिवळे कॅन रांगेत लावून बायका सावलीत बसायच्या, तो नळ?"

"तुला कसं..."

"माझा कॅन हिरव्या दोरीचा होता," तो म्हणाला. "आम्ही दवाखान्यामागे राहायचो. माझा जन्मच तिथला. बैदोआ मी आईच्या तोंडून ऐकलं, बावीस वर्षं."

आणि मग दोघं बोलतच सुटले. केसांत, अंथरुणात, भाकरीतही जाणारी ती लाल धूळ. धान्यवाटपाच्या दिवशी शाळेला मिळणारी सुट्टी. पत्र्यावर पाऊस वाजला की गुरुजी शिकवणं थांबवायचे आणि सगळा वर्ग नुसता ऐकत बसायचा... तिथून निघायचं, एवढंच स्वप्न जिथे पाहिलं, त्या जागेची आठवण इतकी गोड लागेल, असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

"त्या गावाचं टेबल कुणीच मांडलं नाही," इदिल म्हणाली.

"आपण मांडलंय की. आत्ताच." तो थांबला. "इदिल... उद्या तुझं विमान आहे. तू जाऊ नयेस असं मला वाटतं."

"मग किस्मायोला ये."

"तू बैदोआला ये."

दोघंही हसले, पण ते सोपं नव्हतं. रस्ते धोक्याचे, विमानं मोजकी, आणि दोघांनीही आपापल्या आईला शब्द दिला होता की आता आपलं शहर सोडायचं नाही.

वर्षभर फोनवर प्रेम आणि भांडण एकत्रच चाललं. आमच्याकडे रस्त्यावर चाळीस दिवे लागले. आमच्याकडे साठ! शेवटी लिबान आपल्या मामांना घेऊन मागणी घालायला किस्मायोला आला. इदिलचे काका कडाडले, "आपल्या गावात मुलगे संपले का?" तिच्या आईने मात्र त्याला समोर बसवून इतकंच विचारलं, "त्या नळाची रांग कुठून वळायची रे?"

"विलायती बाभळीपासून, हूयो." त्याने तिला थेट आईच म्हटलं.

आईने डोळे पुसले. रात्री ती इदिलला म्हणाली, "परत येणं माझं स्वप्न होतं, पोरी. तू मला दिलेल्या शब्दातून मी तुला मोकळं केलं. जा."

इदिल बैदोआला गेली. तिथल्या नगरपालिकेत तिने रस्ते आखले, आणि बाजारात माशावरून रोज वाद घातला.

आता त्यांची मुलगी सागल सहा वर्षांची आहे. परवा किस्मायोहून तिचे मामा, इदिलचा भाऊ, आले होते. अंगणात खडे मांडून बसलेल्या सागलला त्यांनी मुद्दाम छेडलं, "काय गं, तू कुठली? आईच्या गावची की बाबांच्या?"

तिने मानही वर केली नाही. "इथली," ती म्हणाली, आणि पुढचा खडा उडवला.

ओसरीवर इदिलने लिबानकडे पाहिलं. हा शब्द त्या दोघांना आयुष्यात कधी इतक्या सहज म्हणता आला नव्हता. आता हा चिडवणार, बैदोआ जिंकलं म्हणून गाव डोक्यावर घेणार, असं तिला वाटलं. पण तो नुसता सरकून तिच्याजवळ बसला, आणि दोघं पोरीचा खेळ बघत राहिले.