वीतभर पोलादी तार

आभाळ सकाळपासून तोंड पाडून बसलं होतं, आणि तसंच तोंड करून तो दुकानात शिरला. हातात गळाची दोरी, पण टोकाला काहीच नाही. कात्रीने कापावी तशी कापलेली.

"दातेरी मासा होता?" तिने विचारलं.

"दिसला कुठे... नुसता हिसका बसला."

तो नव्याने बदलून आलेला वायरमन, एवढं तिला ठाऊक होतं. तलावाकाठचं हे गळ-दोऱ्यांचं दुकान तिचं, पण आता रविवारपर्यंतच. बाबा गेल्यावर दादा म्हणाला, दुकान बंद कर, आमच्याकडे ये, मुलांनाही आत्या मिळेल. ती कबूल झाली होती. नको म्हणायचं कसं, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्याने भिंतीवरचा लाकडी मासा मागितला. आमिष म्हणून वापरायचे, गळ लावलेले हे नकली मासे बाबांनी स्वतः कोरलेले, रंगवलेले. आता नवे होणार नव्हते. तिने समजावलं, दोरी आणि मासा यांच्यामध्ये वीतभर पोलादी तार लावा, तिच्यावर दात चालत नाहीत. तो हसला. तारेचं मला सांगू नका, म्हणाला, माझा दिवस तारांतच जातो.

आणि लावली ती तांब्याची! केबल सोलून काढलेली.

पुन्हा तेच तोंड, तीच रिकामी दोरी.

"तांबं वीज नेतं हो," ती म्हणाली, "मासा आणत नाही." हसू मात्र तिने ओठांतच दाबलं. तो कानापर्यंत लाल झाला.

मग त्याने जाड नायलॉन लावून पाहिलं, मग दुहेरी तांबं. हट्टी माणूस. दर खेपेला बाबांचा एक मासा तळाला जायचा, आणि दर खेपेला हा काउंटरला टेकून चहा गार होईस्तोवर बोलत बसायचा. तिला त्याच्या येण्याची ओढ लागली... आणि त्याच्या येण्याने भिंत ओकीबोकी होत गेली.

शेवटचा मासा तिने त्याच्या हाती दिलाच नाही. स्वतः पोलादी तार कापली, टोकं वळवून फास केले, बारीक नळीत घालून पक्कडीने आवळले, आणि दुकानाला कुलूप लावून त्याच्याबरोबर काठावर गेली.

हिसका बसला तेव्हा त्याचा हात तिच्या हातावर होता. मदतीला, असं दोघांनीही मानून घेतलं. मासा वर आला. दात असे, की बघणाऱ्याने आपली बोटं मोजावीत. लाकडावर ओरखडे उठले, पण तार टिकली. मासा त्यांनी हळूच पाण्यात सोडून दिला.

"ही तार आता टाकून द्या," ती म्हणाली. "एकदा पीळ पडला की भरवसा नाही. दर वेळी नवी करायची. रविवारपर्यंत आहे मी... शिकवते."

तो दोरी गुंडाळू लागला.

"मला शिकायचं नाही."

"का?"

"शिकलो तर तुम्ही निश्चिंत होऊन जाल. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं."

इतक्यात दादाचा फोन आला. सामान बांधून झालं का, विचारत होता. तिने ओल्या हातानेच फोन कानाशी धरला होता.

"दादा, मला यायचं नाहीये."

आत्या येणार म्हणून मुलांनी खोली आवरून ठेवली होती, एवढंच तो म्हणाला. तरी बोललेलं तिने मागे घेतलं नाही.