हिरव्या चौकड्याची चिंधी

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्याच असतात असं तुम्हाला वाटत असेल, तर ही ऐका. ही भर दुपारची आहे, जेवणाच्या सुट्टीतली.

दूध डेअरीच्या रसायन-कोठाराची किल्ली ताईच्या हाती आली तो एक साधासुधा सोमवार होता. तिला सगळी डेअरी ताई म्हणायची, कारण सफाईच्या टोळीतला तिचा धाकटा भाऊ तशी हाक मारायचा आणि त्याचा आवाज मोठा. धाकटा आता तिशी ओलांडलेला, पण आई गेली तेव्हा सात वर्षांचा होता. तेव्हापासून ताईनेच त्याला वाढवलं. ती कोठारात येणार म्हटल्यावर खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता. तो मात्र ताटावरून उठला आणि म्हणाला, "तिथे नको गं. दुसरं काहीही काम घे." का नको, ते काही सांगेना.

कोठारात दोन खोल्या. दुधाच्या पाइपांत आतून दगडासारखा थर धरतो. तो काढायचं ॲसिड डाव्या खोलीत, निळ्या कॅनमध्ये. फरशा धुवायचं ब्लीच उजव्या खोलीत, पांढऱ्या कॅनमध्ये. मध्ये जाड भिंत, कारण ही दोन एकमेकांत मिसळली की पिवळट वायू उठतो आणि माणसाची छाती धरतो.

ही शिस्त लावली होती आधीच्या कोठारवाल्याने. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते नियम पाढ्यांसारखे घोकून घ्यायचे. ॲसिडचा कॅन डोळ्यांच्या वर ठेवायचा नाही. टोपणावर चिठ्ठी हवीच. आधी पाणी, मग ॲसिड. तरुणपणी यंत्रात त्यांची डावी करंगळी गेली होती, म्हणून रबरी हातमोज्याच्या त्या रिकाम्या बोटाला ते गाठ मारत. नाहीतर ते कुठे अडकायचं. चार महिन्यांपूर्वी मास्तरांनी सफाईच्या खोलीत निळा कॅन पाइप धुवायच्या टाकीत ओतला. त्यात ॲसिड नव्हतं, ब्लीच होतं. टाकीत आधीच ॲसिड होतं. दार उघडलं तेव्हा मास्तर उंबऱ्याशी मरून पडलेले होते. मास्तरांनीच चुकून निळ्या कॅनमध्ये ब्लीच भरलं असणार, असं चौकशीत ठरलं. लोक त्यांच्या बायकोला ऐकू जाईल असं बोलायचे. तिने घराबाहेर पडणंच सोडलं.

मंगळवारी ताई जेवून परत आली, तर ॲसिडच्या खोलीच्या दाराशी, आतल्या बाजूला, एक निळा कॅन उभा होता. सकाळी तो मागच्या कोपऱ्यात होता. तिने तो जागेवर नेला. बुधवारी पुन्हा तोच कॅन, दाराशी. कुलूप शाबूत. दुसरी किल्ली फक्त डेअरीच्या साहेबांकडे.

"साहेब, माझी परीक्षा घेताय का?"

साहेब खुर्चीत रुतून बसले होते. "ताई, मला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही. कॅन कुठला हलवतोय मी?"

तेही खरंच होतं. पण मग कोण? ताईच्या मनात पाल चुकचुकली ती धाकट्याच्या नावाने. कोठाराचा विषय निघाला की त्याची नजर जमिनीला लागायची. साहेबांच्या टेबलावरून किल्ली उचलणं त्याला काही अवघड नव्हतं. स्वतःच्या भावावर पाळत ठेवायची तिला लाज वाटली, आणि तरी तिने ठेवली.

गुरुवारी, जेवायला जाण्याआधी, तिने सांडलेल्या ॲसिडवर टाकायचा सोडा बादलीतून घेतला आणि खोलीभर फरशीवर पातळ पसरला. कुलूप लावलं. जेवताना तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. धाकटा समोरच बसला होता, साहेबही. दोघंही जागचे हलले नाहीत.

परत येऊन तिने दार उघडलं. कॅन दाराशी होता. सोड्यावर कॅन ओढल्याची रेघ नव्हती. गमबुटांचे ठसे मात्र होते, मागच्या कोपऱ्यातून दारापर्यंत आलेले, आणि प्रत्येक ठशात सोडा अजून फसफसत होता, जणू ते बूट ॲसिडमध्ये बुडवून आणले होते. परत गेल्याचा एकही ठसा नव्हता.

म्हणजे जो कोणी आला होता, तो अजून दाराशीच होता...

ताईने चष्मा आणि मास्क चढवला आणि त्या कॅनकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. टोपणाखाली, आट्यांभोवती, हिरव्या चौकड्याची चिंधी गुंडाळलेली होती. घरी तेलाचा डबा गळू नये म्हणून ती अशीच चिंधी गुंडाळायची. आणि हा हिरवा चौकडा तिच्याच जुन्या गाउनचा होता. तिने टोपण जरासं सैल केलं. मास्कमधूनही ब्लीचचा वास आला.

संध्याकाळी घरी तिने धाकट्याला मोरीपाशी गाठलं. "ती चिंधी तुझी आहे."

तो खालीच बसला. "ब्लीचचा मोठा पांढरा कॅन गळत होता, ताई... दोन निळे कॅन रिकामे दिसले, त्यांत भरलं. तेवढ्यापुरतं. जेवून आल्यावर सांगणार होतो मास्तरांना. पण त्यांनी त्याआधीच एक उचलला..."

"आणि दुसरा?"

"तो शोधायची हिंमतच झाली नाही."

"चार महिने त्या माउलीने तोंड लपवलंय!"

"उद्या सांगतो. शपथ. एक दिवस दे मला."

त्याला पोलीस नेतील, ही भीती तिच्या पोटात त्याच्याइतकीच खोल होती. तिने एक दिवस दिला. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण त्या दुपारीच तिने चिंधी सोडून खिशात टाकली होती, कोणी ओळखू नये म्हणून. कॅनवर खडूची फुली मारून तो कोपऱ्यात सरकवला होता. आता तिने ती चिंधी चुलीत घातली. जळेपर्यंत बघत बसली.

शुक्रवारी सकाळी धाकटा साहेबांकडे गेला नाही. "सुट्टीनंतर जातो," म्हणाला. टाकीत थोडं ॲसिड घालून झालं होतं, आणखी एक कॅन हवा होता. ताईने स्वतः पुढच्या रांगेतला धाकट्याला दिला. फुली नसलेला. अगदी खात्री करून.

जेवून ती परत आली. खोली शांत होती. सगळे कॅन जागेवर. तिला हायसं वाटलं, आणि मग तिला ते दिसलं. प्रत्येक कॅनच्या टोपणाखाली हिरव्या चौकड्याची चिंधी होती. बाराच्या बारा जागांवर... नाही, अकरा; एक तिने सकाळी दिला होता. तिने प्रत्येक कॅन फिरवून पाहिला. फुली एकावरही नव्हती.

ती धावत सुटली.

सफाईच्या खोलीचं दार आतून बंद होतं. आत धाकटा कोणाशी तरी बोलत होता, शाळकरी पोरासारखा, खालच्या आवाजात.

"हो, मास्तर... आधी पाणी... घातलं. मग ॲसिड... आता हा उघडू?"

"उघडू नकोस!" ताईने दार बडवलं. आतून टोपण फिरल्याचा कुर्र आवाज आला.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला होता. माणसं परतत होती, साहेबही पुढे होते. त्या सगळ्यांदेखत ताई ओरडली, "मास्तर, चूक तुमची नव्हती! माझ्या भावाने भरलं होतं ब्लीच! मला कळलं तरी मी लपवलं! तुमच्या घरी जाऊन सांगते... सगळ्यांना सांगते... सोडा त्याला!"

आत सगळं थांबलं. मग कडी निघाली.

धाकटा टाकीपासून दहा पावलं लांब, भिंतीला टेकून उभा होता. दोन्ही हात रिकामे. कॅन टाकीच्या काठावर, टोपण घट्ट, त्यावर खडूची फुली. "कडी कोणी काढली?" त्याने विचारलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. जबाब झाले, धाकट्याला शिक्षा झाली, आणि मास्तरांच्या दारात ताई स्वतः जाऊन डोकं टेकून आली. कॅन त्यानंतर हलला नाही.

पण त्या दुपारी धाकट्याचे हातमोजे काढायला ताईच पुढे झाली होती. डाव्याचं शेवटचं बोट घट्ट गाठ मारलेलं होतं. सोडवताना तिची नखं तुटली. आतली करंगळी शाबूत निघाली, फक्त पांढरीफटक आणि गार. तुरुंगाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासली, दोष काही सापडला नाही.

ती अजूनही गारच आहे. ताई भेटायला जाते तेव्हा जाळीतून तो हात पुढे करतो, आणि ती आधी तीच चाचपते.