सातवा दिवा

अनिमेष सुभेदार त्या सकाळी शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या आपल्या फ्लॅटला कुलूप लावून निघाला, तेव्हा वाटेत कुठे गरम पोहा-जलेबी मिळाली तर बरं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. काम रोजचंच. कंपनीच्या मालकांचे दोन पाहुणे दिल्लीला सोडायचे आणि संध्याकाळी रिकामं विमान घेऊन परत यायचं. जानेवारीचं धुकं इतकं दाट होतं, की पोह्याची गाडी वासावरून सापडली. प्लेट हातात घेऊन तो उभा राहिला आणि त्याला आठवलं, की आज शेजारच्या सीटवर कॅप्टन देवस्थळे असणार. त्याने अर्धा पोहा तसाच टाकून दिला.

शहराबाहेर, बरेला गावाच्या पुढे कंपनीची स्वतःची धावपट्टी होती. दिल्लीसारख्या ठिकाणी धुक्यात किती लांबचं दिसतंय हे यंत्र मोजतं, आणि मोठी विमानं तर पायलटला जमीन दिसली नाही तरी आपली आपण चाकं टेकवतात. अनिमेषने ते सारं शिकून घेतलं होतं. इथे मात्र असलं काही नव्हतं. इथे धावपट्टीच्या तोंडाशी चुन्याने आखलेल्या चौकोनात एक माणूस उभा राहायचा आणि कडेचे दिवे मोजायचा. दर साठ मीटरला एक दिवा. सात दिसले तर चारशे मीटरपर्यंत दिसतंय असं धरून उडायचं, सहा दिसले तर बसून राहायचं. नियम शाळकरी पोरालाही कळावा असा होता. तो कळत नव्हता फक्त देवस्थळ्यांना.

दोन वर्षांपूर्वी त्या चौकोनात चिंतामणी वैरागडे उभे असायचे. साठीला टेकलेला सरळ माणूस. गळ्याला तपकिरी मफलर, पायांत गमबूट, छातीला चोळलेलं निलगिरीचं तेल. दोन मिनिटांसाठी ऑफिसात आले तरी गमबूट दाराबाहेर काढून यायचे, सगळे हसायचे. अशाच एका सकाळी त्यांनी वायरलेसवर चार दिवे सांगितले. देवस्थळे म्हणाले, "वैरागडे, मला सात हवेत. कसंही करा."

आता, या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं आणि साहेबाला नाही म्हणताही येत नव्हतं. मग त्याने काय करावं? तो चौकोन सोडून पुढे चालत गेला. गवतात चिखल होता म्हणून डांबराच्या कडेकडेने गेला. तीन दिवे ओलांडले, तिथून पुढचे चार मोजले, मागचे तीन त्यात धरले, आणि अगदी खरेपणाने सांगितलं, "सात दिसले साहेब."

धुक्यात उडताना एकाने बाहेरच्या दिव्यांकडे बघायचं आणि दुसऱ्याने आतल्या काट्यांकडे बघून वेग सांगायचा, अशी शिस्त असते. अनिमेष काटे बघत होता. त्याने "ऐंशी" म्हटलं आणि डाव्या पंखाला काहीतरी धप्पकन लागलं. "डुक्कर असेल," देवस्थळे म्हणाले आणि त्यांनी विमान उचललं. दिल्लीत उतरल्यावर फोन आला. डुक्कर नव्हतं, वैरागडे होते.

चौकशीचा कागद एका पानाचा होता. निरीक्षक कोणाचीही सूचना नसताना स्वतःच्या मर्जीने जागा सोडून गेला, असं त्यावर लिहिलं होतं. खाली दोन सह्या होत्या. त्या दिवसापासून देवस्थळ्यांचा आवाज कानावर पडला, की अनिमेषच्या दाढा आवळल्या जायच्या. दोन वर्षं तो मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घालत होता, आणि पगाराच्या दिवशी गप्प बसत होता.

विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं तेव्हा आठ वाजले होते. बाहेर नुसता पांढरा अंधार. मागे पाहुणे झोपले होते. चौकोनात आता रामकृष्ण पटेल नावाचा माणूस असायचा. त्याचा आवाज आला, "सर, चार दिख रहे हैं."

देवस्थळ्यांनी घड्याळ पाहिलं. "रामकृष्ण, मुझे सात चाहिए. कैसे भी करो."

तेच शब्द. अनिमेषच्या कानशिलांत रक्त चढलं. चार म्हणजे चार, इंजिन बंद करू या, असं तो जवळजवळ ओरडलाच. देवस्थळ्यांनी त्याच्याकडे मान वळवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. तू तुझे काटे बघ, एवढंच ते म्हणाले.

रामकृष्णचं उत्तर आलं नाही. वायरलेसमध्ये नुसती खरखर होती, मग तीही थांबली. कॉकपिटमध्ये हळूहळू एक वास पसरायला लागला. ओल्या लोकरीचा, आणि त्यात मिसळलेला निलगिरीच्या तेलाचा.

"साहेब..." आवाज अगदी हलका होता. "चारच दिसून राहिले."

रामकृष्णला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

"थांबा... पुढे जातो."

इंजिनांच्या घरघरीतही ओल्या डांबरावरचं रबराचं चालणं ऐकू येत होतं. चप्प... चप्प... घाई नसलेलं, काम नीट करणाऱ्या माणसाचं चालणं.

"पाच..."

चप्प... चप्प...

"सहा..."

बराच वेळ काही नाही. मग थोड्या दमलेल्या, पण समाधानी आवाजात, "सात दिसले साहेब."

देवस्थळ्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी आवाज ओळखला होता, यात अनिमेषला तिळमात्र शंका नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्यांची दया येऊ लागली होती. आता हा माणूस काहीतरी कबूल करेल, निदान हात जोडेल, असं त्याला वाटलं. देवस्थळ्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "सात मिळाले. चल."

त्यांनी इंजिनांचे दांडे पुढे ढकलले.

विमान सुटलं. अनिमेषची नजर सवयीने काट्यांवर गेली. चाळीस. पन्नास. साठ. मग त्याच्या मस्तकात तिडीक गेली आणि त्याने शिस्त मोडून मान वर केली. डाव्या कडेला, दिव्याच्या पिवळट उजेडात, एक माणूस पाठमोरा उभा होता. तपकिरी मफलर, गमबूट. उजव्या हाताचं बोट पुढे करून तो दिवे मोजत होता.

अनिमेषने देवस्थळ्यांच्या हातावर हात मारून दोन्ही दांडे मागे ओढले आणि पूर्ण ताकदीने ब्रेक दाबले. विमान वेडंवाकडं घसरत थांबलं. मागे पाहुणे आरडाओरडा करत जागे झाले. कडेला दिवा होता, ओलं डांबर होतं, माणूस नव्हता.

वायरलेस पुन्हा खरखरलं. "थांबले काहून साहेब?" आवाजात तक्रार नव्हती, फक्त नवल होतं. "सात म्हणालो ना मी..."

त्यानंतर रामकृष्ण घाबराघुबरा होऊन बोलत राहिला, की मी केव्हापासून चारच सांगतोय, आपण उत्तरच देत नाही.

देवस्थळे खाली उतरले आणि त्यांनी पाहुण्यांसमोरच अनिमेषला वेडा ठरवलं. उद्या येऊन राजीनामा टाक, म्हणाले. दोन वर्षांत जिथे जायला हवं होतं तिथे अनिमेष निघाला.

वैरागड्यांचं घर शहरातल्याच कांचघर मोहल्ल्यात होतं. दुपार होत आली तरी धुकं हटलं नव्हतं. दाराबाहेर बूट काढताना त्याला शेजारी गमबुटांचा जोड दिसला. ओला, टाचांना गवताची पाती चिकटलेली. घरात कोणी कामावरून आलं असेल, असं त्याला वाटलं.

आत भानुमतीबाई एकट्याच होत्या. त्यांनी पाणी दिलं. अनिमेषने आपण कोण ते सांगितलं, आणि मग दोन वर्षांचा राग त्याच्या तोंडून धबधब्यासारखा सुटला. देवस्थळ्यांनी काय हुकूम केला होता, पुढे काय लपवलं, आज सकाळी काय केलं. असल्या माणसाला फासावर द्यायला हवं, असंही तो म्हणाला. त्याचं झाल्यावर बाई उठल्या, कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद आणला आणि त्याच्यापुढे धरला.

"ही दुसरी सही कोणाची आहे?"

सही अनिमेषची होती.

"तुमच्या साहेबाचा मला राग नाही येत. त्याची जातच तशी. तुम्ही तर ऐकलं होतं ना सगळं? मग काहून केली सही?"

नोकरी नवी होती, असं काहीसं तो पुटपुटला. त्याला स्वतःचीच किळस आली.

"बाहेर ते बूट पाहिले ना? पोलिसांनी आणून दिले होते. धुकं पडलं की सकाळी जागेवर नसतात, दुपार होत आली की असतात, ओले. मी पुसून ठेवते. आधी भीती वाटायची. आता संताप येते. मेल्यावरही साहेबांचंच ऐकून राहिला हा माणूस." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "कोणीतरी चार लिहा. म्हणजे थांबतील ते."

लिहितो, अनिमेष म्हणाला. सगळं खरं लिहून चौकशीवाल्यांना देतो. उद्याच.

"उद्या," बाई म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे बूट एकटेच होते. शेजारच्या फरशीवर दोन ओले ठसे तेवढे उरले होते. भानुमतीबाईंनी ते पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

गोरखपूरला पोचेपर्यंत अनिमेषने मनाशी पक्कं केलं, की उद्याची भाषा पुरे, आत शिरलं की आधी कागद-पेन घ्यायचं. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर पोचताच निलगिरीचा वास नाकात शिरला आणि त्याचे पाय जागीच थांबले.

त्याच्या दाराचं कुलूप सकाळी लावलं होतं तसंच होतं. पायपुसण्याशेजारी गमबुटांचा जोड नीट जुळवून ठेवलेला होता. ओला, गवत चिकटलेला, टोकं दाराकडे. चिंतामणी वैरागडे कोणाच्याही घरात कधी बूट घालून शिरत नसत.