हॉलच्या किचनमधलं रेडिओ स्टेशन

"फूट अप, प्लीज! अप, अप… अँड डोन्ट पुट इट डाउन!"

मयूरा एका पायावर उभी राहिली. सिडनीतल्या क्वेकर्स हिल भागातल्या त्या जुन्या कम्युनिटी हॉलमध्ये ती आली होती बहिणीच्या डोहाळजेवणासाठी जागा बघायला, आणि आवाज येत होता स्टेजच्या खालून.

"मी काय बगळा आहे का?" ती स्वतःशीच पुटपुटली.

"बगळाही कधीतरी दुसरा पाय टेकतोच की," स्टेजखालून मराठीत उत्तर आलं. "तूही टेक. फक्त जरा डावीकडे… तिथे आमची एरियलची तार आहे."

पाठोपाठ केसांत कोळिष्टकं घेऊन एक उंच तरुण रांगत बाहेर आला. रॉयस्टन. मूळचा वसईचा, कामाला मेट्रोच्या सिग्नल विभागात, आणि शनिवारी जुन्या रेडिओंच्या क्लबात. क्लबातले बाकी सगळे त्याच्या आजोबांच्या वयाचे. हे सगळं त्याने कपडे झटकता झटकता सांगून टाकलं आणि हेडफोनच्या पट्टीतून दोन्ही कर्णे सुटे करून एक तिच्या हातात दिला.

"ऐक."

मयूरा ऑडिऑलॉजिस्ट होती. दिवसभर लोकांच्या कानांवर हेडफोन चढवणं हेच तिचं काम. तरी तिने टेबलावरची ती लाकडी फळी, तिच्यावरची तारेची गुंडाळी आणि चमकदार खडा संशयाने न्याहाळला.

"बॅटरी कुठंय?"

"नाहीये."

"प्लग?"

"तोही नाही. हवेतून येतं तेवढ्यावरच चालतं. शंभर वर्षांपूर्वी लोक असंच ऐकायचे, एक हेडफोन दोघांत वाटून. फक्त हलायचं नाही हं. ही बारीक तार दिसतेय ना, खड्याला टेकलेली? हिला म्हणतात मांजराची मिशी. टेबलाला जरा धक्का लागला की मिशी सुटते आणि स्टेशन गायब."

मग दोघं उभी राहिली, खांद्याला खांदा लावून, न हलता. थंडगार कर्ण्यातून कुणीतरी दूरवरून फुटबॉलची मॅच सांगत होतं. मयूराला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती हलली नाही. मॅच संपेपर्यंत हलली नाही, आणि घरी जाताना आपण असं का केलं याचं तिला स्वतःलाच हसू येत राहिलं.

डोहाळजेवण झोकात झालं. ते उरकल्यावर मयूराला त्या हॉलमध्ये जायचं काहीएक कारण नव्हतं, तरी दर शनिवारी दुपारी तिची गाडी स्कोफिल्ड्सच्या घरून आपसूक तिकडे वळायची. रॉयस्टन आलं जास्त घातलेला चहा थर्मासमधून आणायचा, कारण एकदा ती म्हणाली होती की चहा झणझणीत हवा. तिला सर्दी झाली तेव्हा त्याने हॉलचा हीटर उचलून तिच्या खुर्चीजवळ आणून ठेवला आणि क्लबातले म्हातारे स्वेटरवर स्वेटर चढवून कुडकुडत बसले. ती त्याच्या प्रेमात पडली होती, अगदी साफ पडली होती. त्याचंही तेच झालंय, हे क्लबात सगळ्यांना दिसत होतं. पण गडी बोलायचा फक्त तारांबद्दल! स्वतःबद्दल विचारलं की याची दातखीळ बसायची.

आणि आता आई आली होती. कांताबाई नागपूरहून लेकींकडे राहायला आल्या होत्या आणि बुधवारी परत निघणार होत्या. आल्या दिवसापासून त्यांचा एकच प्रश्न चालू होता, "कुणी आहे का, की मी बघायला लागू?" मयूरा म्हणाली होती, शनिवारनंतर सांगते. स्वतःहून बोलायला ती मुळीच लाजत नव्हती. पण आईसमोर ज्याला उभं करायचं तो स्वतःच्या तोंडाने बोलणारा हवा, एवढी एक अट तिने मनाशी धरली होती आणि ती सोडायला ती तयार नव्हती.

शनिवारी क्लबाने शंभर वर्षांपूर्वीची रेडिओ-संध्याकाळ ठेवली होती. भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढाच छोटा ट्रान्समीटर किचनमध्ये मांडला होता. आवाज घुमू नये म्हणून त्या काळच्या पद्धतीने भिंतींवर ब्लँकेटं टांगली होती. बाहेर हॉलमध्ये लोक दोघादोघांत एकेक हेडफोन वाटून घेऊन बसले होते. उपनगरात आज ज्या भाषा बोलल्या जातात त्या सगळ्यांत थोडंथोडं वाचायचं ठरलं होतं, म्हणून मराठीचा भाग मयूराकडे आला होता.

"जयभीम, आंटी," रॉयस्टनने दारातच हात जोडले.

कांताबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जयभीम. तो स्टेजखालचा मुलगा तूच काय?"

"हो… म्हणजे, आता वर आलोय."

कांताबाई हसल्या नाहीत, पण त्यांचं मत वाईट झालं नव्हतं. हॉलमध्ये त्यांची जोडी जमली बेरिल नावाच्या गप्पिष्ट म्हातारीशी, आणि एकमेकींची भाषा धड येत नसतानाही त्या लगेच एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या.

किचनमध्ये मयूराने सिडनीचं हवामान वाचलं. मग झुणक्याची कृती सांगितली, ठसक्यात, माईकपाशी आई बसली आहे असं समजून. शेवटचं वाक्य संपवून ती उठली आणि तिचं कोपर ओट्यावर आपटलं. ओट्यावरच्या खड्याच्या रेडिओ-सेटचा कर्णा कानाला लावून रॉयस्टन प्रक्षेपण तपासत होता. त्याचा चेहरा पडला.

"गेलं. काहीच ऐकू येत नाही. ट्रान्समीटर तापून बसला वाटतं."

"मग?"

"थांबू जरा. थंड होऊ दे."

ब्लँकेटांमुळे बाहेरचा आवाज आत येत नव्हता. छतावर पाऊस हळू हळू वाजत होता, तेवढाच. रॉयस्टनने हातातला कर्णा उगाच पुसला.

"आंटी बुधवारी जाणार ना?"

"हो."

"त्यांनी तुला… काही विचारलंय का?"

"आल्यापासून तेवढंच विचारतेय. काय सांगू, बोल?"

तो कर्णा पुसतच राहिला. मयूराने त्याला अजिबात मदत केली नाही.

"त्या पहिल्या दिवशी मी तुला फुटबॉल ऐकवला," तो शेवटी म्हणाला. "मला फुटबॉल आवडत नाही, मयूरा. शेजारीच गाण्यांचं स्टेशन लागत होतं. पण ते लावायचं तर तुला बाजूला सरकावं लागलं असतं. म्हणून मी कशालाच हात लावला नाही… आणि तू पण हलली नाहीस. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. सिग्नलच्या ड्रॉइंग्ज बघतो आणि तुझा तो पाय वर धरलेला आठवतो."

मयूरा अगदी विरघळली. तो आणखी काहीबाही बोलतच होता. तिने नजर वळवली, आणि ती ट्रान्समीटरच्या मीटरवर पडली. काटा हलत होता. रॉयस्टन बोलला की उजवीकडे, थांबला की डावीकडे.

"रॉयस्टन… काटा बघ."

त्याने पाहिलं. मग ओट्यावरच्या सेटकडे पाहिलं. तिच्या कोपराच्या धक्क्याने मिशी खड्यावरून घसरली होती, बाकी कुठे काही बिघडलेलं नव्हतं. साधा मीटर बघायचं सोडून या शहाण्याने शंभर वर्षांपूर्वीच्या कर्ण्यावर विश्वास ठेवला होता.

"म्हणजे हे सगळं… बाहेर?"

"सगळं. फुटबॉलसकट."

"आंटी!" त्याचा हात झटकन स्विचकडे गेला.

"बंद कर हवं तर," मयूरा शांतपणे म्हणाली. "मी अडवणार नाही. पण तू बंद केलंस तर बुधवारी मी आईला सांगेन, बघ माझ्यासाठी कुणीतरी. खरंच सांगेन."

हात स्विचवर तसाच राहिला. असं एका हाताकडे डोळे लावून ती कधी कुणासाठी थांबली नव्हती, आणि तो हात स्विच दाबेल या कल्पनेनेच तिचे डोळे भरून आले.

रॉयस्टनने हात मागे घेतला. खुर्ची ओढली आणि माईकसमोर बसला.

"आंटी, मी रॉयस्टन. मघाशी चुकून बोललो, आता मुद्दाम बोलतोय. तुम्ही मयूरासाठी कुणी बघू नका, प्लीज. माझं तिच्यावर प्रेम आहे. मी चर्चला जातो, ती विहारात जाते. ज्याचं त्याने सोडायचं नाही, एकमेकांना न्यायला-आणायला जायचं, असं मी ठरवलंय. माझ्या घरी मी उद्याच फोन करतो. आई थोडी रडेल, पण ऐकेल. फक्त एक राहिलंय… हिला मी अजून विचारलेलंच नाही. मयूरा, चालेल?"

"एवढ्यासाठी इतके शनिवार घालवलेस?" ती त्याच्या शेजारी बसली, गालांवरून ओघळणारं पाणी न पुसता. "चालेल. मला तूच हवा आहेस."

त्याने तिचा हात धरला.

तेवढ्यात दारावरचं ब्लँकेट बाजूला झालं. पदर खोचून कांताबाई आत आल्या. रॉयस्टन ताडकन उभा राहिला, हात मात्र त्याने सोडला नाही. ते मयूराच्या लक्षात आलं, आणि कांताबाईंच्याही.

"याचं सगळं ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "पण ती बेरिल एकसारखी 'व्हॉट ही सेज, व्हॉट ही सेज' करून खांदा हलवत होती. तिला समजावता समजावता तुझंच उत्तर राहून गेलं. काय म्हणालीस गं तू?"

माईकला सांगणं सोपं होतं. आता आई समोर उभी होती, तिच्या डोळ्यांत बघत, आणि आल्या दिवसापासूनचा तो प्रश्न पुन्हा तसाच समोर होता.

"हो म्हणाले, आई. बघायला लागू नकोस. आहे. हा आहे."

कांताबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग त्यांनी रॉयस्टनच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खुर्चीत बसवलं.

"बुधवारी मला एअरपोर्टला तू सोडायचंस," त्या म्हणाल्या. "आणि गाडीत तारांबद्दल बोलायचं नाही. तुझ्या घरच्यांबद्दल बोलायचं."

"हो, आंटी."

कांताबाई वाकल्या. माईक कुठल्या बाजूने तोंडाशी धरायचा हे आधी नीट बघून घेतलं आणि एकेक शब्द स्वच्छ उच्चारत म्हणाल्या,

"हॅलो, बेरिल? येस. माय डॉटर सेड येस!"

भिंतीपलीकडे टाळ्या सुरू झाल्या.