सगळे बाण जिराफकडे

अंतिम सामना टिकलीच्या शाळेने एका गुणाने गमावला.

हे वाक्य चुकून आधी आलं. वाचकांनी ते वाचलंच नाही असं समजावं. सामन्याला अजून तीन दिवस आहेत, सुट्टी लागली आहे आणि टिकलीच्या मते कप त्यांचाच आहे, कारण त्यांच्या संघात जिराफ आहे.

जिराफ आठवीत होती आणि व्यायामशाळेच्या दारातून वाकून आत यायची. संघाचा खेळ सोपा होता. तिघींनी बॉल टिकलीकडे द्यायचा, टिकलीने तो कुणाचाच हात पोचत नाही इतक्या उंच फेकायचा आणि पुढचं जिराफ बघून घ्यायची. टिकलीने स्वतः आजवर एकही बास्केट केलं नव्हतं. त्याची कुणाला गरजही वाटली नव्हती.

"पुढच्या वर्षी आपण सगळ्या चौदाच्या वर," रेडिओ म्हणाली. हिला बंद करायचं बटण तिच्या आईलाही सापडलेलं नव्हतं. "म्हणजे चौदाखालच्या गटातली ही आपली शेवटची स्पर्धा."

"सकाळपासून सात वेळा सांगितलंस."

"सहा."

तेवढ्यात जिराफ जिना उतरताना दिसली. कठडा धरून, एकेक पायरी, आणि चक्क उलटी.

"उलटी का उतरतेस गं?" टिकलीने विचारलं.

"नवीन व्यायाम आहे."

"कशाचा?"

"मागे बघायचा."

रेडिओने लगेच तो व्यायाम करून पाहिला आणि सफाईवाल्या मावशींच्या बादलीत उतरली. सगळ्या हसल्या. जिराफही हसली, पण कठडा न सोडता. टिकलीला ते खटकलं. गेले चार दिवस जिराफ सराव सोडून बाकावर बसत होती. खेळाचे सर म्हणत, "सुपरस्टारला सराव लागत नाही." हेही खटकलं, पण सर म्हणाले म्हणजे झालं.

सामन्याच्या दिवशी, तासभर आधी, सरांनी टिकलीला आणि रेडिओला कपाटातून पंप आणायला पाठवलं. पंपाखाली एक मोठं जाड पाकीट होतं. त्यावर सरांनी पेनाने मैदान काढलं होतं. पाच गोल, आणि चार गोलांतून निघालेले सगळे बाण पाचव्या गोलात. पाचव्यात लिहिलं होतं, 'जिराफ'.

"ही सरांची गुप्त योजना?" रेडिओ म्हणाली. "माझा धाकटा भाऊ याहून बरं काढतो. आणि तो अजून रांगतो."

टिकलीने पाकीट उलटलं. मागे दवाखान्याचा शिक्का होता आणि जिराफचं खरं नाव, जे हजेरीखेरीज कुणी वापरत नसे. पाकीट चिकटवलेलंच होतं. टिकलीने एका कडेने ते उघडलं. आत गुडघ्याचा एक्स-रे होता आणि एक चिठ्ठी: 'धावणे व उडी मारणे पूर्ण बंद. अन्यथा इजा कायमची राहील. हे क्रीडाशिक्षकांना द्यावे.'

रेडिओ बंद पडली. बटण सापडलं होतं.

जिराफ कपडे बदलायच्या खोलीत एकटीच बसली होती.

"हे सरांना कधी दिलंस?"

"मागच्या सोमवारी. 'बरं' म्हणाले. मग पहिल्या पाचात माझं नाव लागलं. मला वाटलं, वाचूनच ठरवलं असेल त्यांनी."

"आणि आईला?"

"आईला सांगितलं, सरांना चिठ्ठी दिली. ती पण म्हणाली, 'बरं'. तिला वाटतंय, मी बाकावर बसते."

मोठ्यांच्या दोन 'बरं'च्या मधे एक गुडघा सापडला होता.

"दुखतं?"

"उतरताना." मग गुडघा चोळत, "चढतानाही."

"मग नको ना खेळूस."

"शेवटचा सामना आहे, टिकले. तू बॉल फेकणार आणि मी बसून बघणार? जमायचं नाही मला."

जिराफची आई बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होती आणि तिथे फोन फाटकावरच काढून ठेवावे लागत. राहिले सर. सर शिडीवर चढून, दातांत सुतळी धरून फलक बांधत होते.

"सर, हे आधी वाचा."

"अरे वा, माझा नकाशा," असं सुतळीतून म्हणत सरांनी पाकीट गुंडाळी करून खिशात खोचलं. "बाकीचं सामन्यानंतर."

मग टिकलीने तिला सुचलं ते केलं. जिराफचे बूट दहा नंबरचे होते. तसे दुसरे शाळेत नव्हते, आणि बुटांशिवाय मैदानात उतरता येत नसे. टिकलीने ते उचलले आणि व्यासपीठावर झाकून ठेवलेल्या कपात टाकले. त्या शाळेत कपाच्या आत बघायची वेळ कधी कुणावर आलीच नव्हती.

मोठी शोधाशोध झाली. सरांनी स्वतःचे बूट देऊ केले. ते जिराफच्या अंगठ्यापुरते झाले. जिराफने एकदाच टिकलीकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती अनवाणीच बाकावर जाऊन बसली आणि तिच्या जागी राखीव मुलगी उतरली.

पहिल्या दहा मिनिटांत टिकलीने तीन वेळा बॉल रिकाम्या हवेत फेकला. तिन्ही वेळा तो प्रेक्षकांत गेला.

"तिथे कुणी नाहीये," रेडिओ हळूच म्हणाली.

"माहितीये."

मग हळूहळू बॉल खालून फिरायला लागला. रेडिओने लांबून दोन बास्केट केली आणि तिचा स्वतःवर विश्वास बसेना. टिकलीने आयुष्यातलं पहिलं बास्केट केलं. चार सेकंद उरले तेव्हा त्या एकाच गुणाने मागे होत्या. बॉल टिकलीच्या हातात होता आणि समोर रिंग मोकळी होती.

तिच्या हातांनी तिला विचारलं नाही. बॉल उंच गेला, जिथे कुणाचाच हात पोचत नाही तिथे. बाकावर बसल्या बसल्या जिराफचा हात आपोआप वर उठला. बॉल बाहेर पडला आणि शिट्टी वाजली.

दुसऱ्या संघाच्या कर्णधाराने कप उंचावला, तेव्हा दहा नंबरचा एक बूट प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर पडला. चौकशी सुरू झाली. टिकलीने सांगितलं, "पाकीट सरांच्या खिशात आहे." सरांनी ते काढलं, आतली चिठ्ठी वाचली आणि ते तिथेच पायरीवर बसले. "चूक माझी आहे," ते जिराफला म्हणाले. मुख्याध्यापिकाबाईंनी माईकवरून टिकलीच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं. बराच वेळ टाळ्या वाजल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत जिराफ नव्हती.

चार दिवसांनी टिकली तिच्या घरी गेली. जिराफ दारातच उभी राहिली. "ऑपरेशन आहे. मग वर्षभर काही नाही."

"राग आहे?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो," जिराफ म्हणाली. "तरी विचारायचं."

तिने दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दुपारी टिकलीने बास्केटबॉल संघटनेला अर्ज लिहिला. पाच जणींच्या पाच प्रती काढल्या. चार प्रतींवर सह्या झाल्या.

'माननीय अध्यक्ष महोदय यांस, सविनय विनंती की सदर सामन्यातील शेवटचे चार सेकंद, संबंधित खेळाडूचा गुडघा बरा झाल्यावर, पुन्हा खेळवण्यात यावेत. तोपर्यंत आम्हा पाचही जणींचे वय आहे तिथेच थांबवण्याची व्यवस्था आपल्या स्तरावर व्हावी. बॉल कुठे फेकायचा हे अर्जदारास माहीत आहे.'