येते हं, आजी

पटलं नाही तर सोडून द्या. पण जिची ही गोष्ट आहे ती माझ्या मावसबहिणीची लेक आहे, आणि तिला मी कडेवर खेळवलंय. यात तिखटमीठ लावायची माझी हिंमत नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना, दुसरा शनिवार. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भर दिवसा घडलंय, लोणी भापकरच्या पलीकडच्या एका माळावर. माळाचं नाव मी लिहिणार नाही.

माझी ही मावसबहीण, रेश्मा, काटेवाडीला दिलीय. तिचा नवरा युवराज शाळेत भूगोल शिकवतो. आठ दिवसांपूर्वी वळीव पडून गेला होता, आणि कुणीतरी त्याला फोटो पाठवला... अख्खा माळ फुललेला. झालं! शनिवारी सकाळीच दोघं तीन वर्षांच्या छकुलीला घेऊन निघाले.

पायथ्याला म्हस्कूतात्यांची वस्ती आहे. पूर्वी मेंढरं होती, आता चार गाई. त्यांच्या लिंबाखाली गाडी लावली.

“ऊन डोक्यावर यायच्या आत खाली या,” तात्या म्हणाले. “आन् वर म्हातारी भेटली तर बोला. पानी द्या. पन निघताना ‘जातो’ म्हना. ‘येतो’ म्हनू नगा.”

“का हो?” रेश्माने विचारलं.

“मयताला गेल्यावर आपन ‘येतो’ म्हनतो व्हय?”

युवराज हसला. “तात्या, तो थिजलेला लाव्हा आहे. कोट्यवधी वर्षं झाली. तिथं कसली म्हातारी?”

“आसंल,” तात्या शांतपणे म्हणाले. “म्हातारी बी लई दिसाची हाय.”

चढ तसा सोपा होता. काळा कातळ, पायऱ्या पायऱ्यांचा. मधे तरवडाची पिवळीधमक झुडपं. आणि कातळाच्या भेगांतून वर आलेली पांढरी फुलं. पान एक नाही. नुसता देठ आणि फूल. छकुली प्रत्येक फुलापाशी उकिडवी बसायची आणि त्याला विचारायची, “तू जेवलास का?”

डोक्यावर एक टिटवी सारखी ओरडत होती.

अकराच्या सुमाराला युवराज फोटो काढत पुढं गेला. रेश्मा छकुलीला घेऊन एका बोरीच्या सावलीत टेकली.

आणि टिटवी गप्प झाली.

वाराही पडला. तरवडाचं एक पान हलेना.

मग... मागून घंटा वाजली. मेंढीच्या गळ्यातली असते ना, तशी बारीक. एकदाच.

रेश्माने वळून पाहिलं. मेंढरू नव्हतं. उन्हातल्या कातळावर एक म्हातारी बसली होती. विटलेलं लुगडं, डोक्यावर पदर.

“पानी हाय का गं, बाय?”

रेश्माने तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. म्हातारी बराच वेळ प्यायली.

“एकलीच हाय का ही?”

“हो. एकुलती एक.”

“माजी बी एवडीच हुती.” म्हातारीची नजर छकुलीवरून हलत नव्हती. “मेंढरामागं गेली. येते म्हनली हुती...”

“मग?”

“आजून आली न्हाय.”

रेश्माने छकुलीला जवळ ओढलं. तेवढ्यात वरून युवराजची हाक आली, “रेश्मा, चल गं!”

ती उठली. ओठांवर शब्द आला होता, पण तात्यांचं बोलणं आठवलं. तिने जीभ आवरली.

“जाते, आजी.”

पण छकुली...

छकुलीला बोलायला आल्यापासून रेश्मानेच शिकवलं होतं. जाते म्हणू नये बाळा, येते म्हणावं. तिने शहाण्या मुलीसारखा हात हलवला.

“येते हं, आजी.”

म्हातारी पहिल्यांदाच हसली.

“ये.”

रेश्माने लेकीला उचललं आणि दहा पावलं गेली. मागं पाहिलं तर कातळ मोकळा. ती धीर करून परत गेली, तिथं हात टेकला. सगळा माळ तव्यासारखा तापला होता... तेवढीच जागा गार होती. ओलसर गार.

बाटलीतलं पाणी थेंबभरही कमी झालं नव्हतं.

खाली आल्यावर तिने तात्यांना सगळं सांगितलं. तात्या हातातला कडबा टाकून उभे राहिले.

“कोन म्हनलं येते? तू?”

“नाही. ही.”

तात्यांनी छकुलीच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

“हिला जाते म्हनायला शिकीव. रोज. जीभ वळंपातुर.”

रेश्माने शिकवलं. अंगणात जायचं तरी ‘जाते’, अंगणवाडीत जायचं तरी ‘जाते’. सासूबाई साखरबाई चिडायच्या. “लेकराला आसलं वंगाळ शिकवत्यात व्हय? काय आय म्हनायची का कोन!” युवराजही वैतागायचा. रेश्माने कुणाचं ऐकलं नाही.

वर्ष गेलं. काही झालं नाही. ती विसरायला लागली होती.

मागच्या गुरुवारी दुपारी ती दारात बसून तांदूळ निवडत होती. छकुली शेजारीच भातुकली मांडून खेळत होती. अंगणातल्या चिमण्या कलकलत होत्या.

चिमण्या गप्प झाल्या.

डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना...

मग घंटा. बारीक. एकदाच.

छकुलीने मान वर केली. उघड्या दारातून रिकाम्या अंगणाकडं पाहिलं, आणि गोड आवाजात म्हणाली,

“येते हं.”

तिने चपला घातल्या. उजवी उजव्या पायात, डावी डाव्या पायात. मग आईकडं वळली, आणि वर्षभर शिकवलं होतं तस्संच म्हणाली,

“आई, जाते हं.”

रेश्माने तांदळाचं ताट भिरकावून तिला पोटाशी धरलं. दाराला कडी घातली. छकुली रडली नाही, धडपडली नाही. फक्त तिचा तळवा... मे महिन्याच्या दुपारी गार होता. ओलसर गार.

तेव्हापासून घराचं दार दुपारी उघडत नाहीत.

काल रेश्माचा फोन आला होता. कितीतरी वेळ नुसती हुंदके देत होती. मग तिने विचारलं,

“आता तिला काय म्हणायला शिकवू गं?”