रोटीचा दुसरा घास

शेगडीजवळ सरका पोरांनो, आणि तो फोन खाली ठेवा. हे माझ्या साडूच्या, दुइसेनच्या बाबतीत घडलंय. सन दोन हजार एकोणीस, नोव्हेंबरची सात तारीख, गुरुवार. दुइसेन निघाला होता एक रोटी पोचवायला.

रोटी त्याच्या मामाची. झालगास नाव. अरल समुद्राकाठच्या कोळ्याचा पोर, अठराव्या वर्षी दुसऱ्या महायुद्धात लढाईवर बोलावणं आलं. पाण्यात वाढलेला, म्हणून आरमारात घातला. जाणारा रोटीचा एक घास घेतो, उरलेली घरात टांगतात, परत येऊन त्यानेच ती संपवायची. ही आपली जुनी रीत. झालगासने घास घेतला, उंबरा ओलांडला, आणि चौदा महिन्यांत बाल्टिकच्या गार पाण्यात त्याची बोट फुटली. घरी आला तो कागद. बेपत्ता. ना प्रेत, ना थडगं.

पुढे समुद्र आटला, गाव उठलं, रोटीही नव्या घरी आली. झालगासची धाकटी बहीण बालझान, म्हणजे दुइसेनची आई, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी अंथरुणाला खिळली. जीव कशात तरी अडकला होता.

"आपण घर हलवलं, ते दादाला कुणी कळवलं?" ती म्हणाली. "तो जुन्याच दारात येणार. रोटी तिथे नेऊन टांग."

"आई, दगड झालाय तिचा. दात पडतील मामाचे."

"अठरा वर्षांच्या पोराचे दात आहेत ते. तू तुझे सांभाळ."

जुन्या गावात तो पोचला तेव्हा संध्याकाळचे सव्वासात झाले होते. छप्पर कधीच गेलेलं. एक भिंत उभी, तिच्यात खिळा. त्याने रोटी टांगली, जीपमध्ये येऊन बसला, थर्मासमधला चहा ओतला. घटकाभर थांबलो असं आईला सांगता यावं, एवढंच.

मग वल्ह्यांचा आवाज आला.

समुद्र तिथून कोसच्या कोस लांब. नुसती वाळू. तरी कुणी पाणी कापत येत होतं... जवळ... थांबलं.

ओली पावलं. चपक. चपक.

"काका," खिडकीशी कोवळा आवाज. "समुद्र कुठाय?"

साठीच्या दुइसेनला त्याचा मामा काका म्हणत होता.

"आणि आमचं घर?"

दुइसेनने भिंतीकडे बोट केलं. पावलं गेली. मग... काही नाही. वारासुद्धा नाही.

किती वेळ गेला, त्याला ठाऊक नाही. टॉर्च घेऊन गेला, तर रोटी खिळ्यावरच. जुन्या घासाशेजारी दुसरा घास. कड मऊ, ओली. त्याने बोट जिभेला लावलं. खारट.

रोटी छातीशी धरून तो घरी आला.

"आई, मामा आला होता. त्याने खाल्ली."

बालझानने बोटांनी दोन्ही घास चाचपले.

"नवं घर कुठे ते सांगितलंस त्याला?"

दुइसेनने नकारार्थी मान हलवली.

"अरे वेड्या, आलेला माणूस रोटी संपवतो. एकच घास कोण घेतो?"

तिने रोटी परत त्याच्या हातात दिली.

"पुन्हा निघाला तो," ती म्हणाली. "टांग वर. आता वाट तू बघ."

शनिवारी ती गेली. रोटी दुइसेनच्या भिंतीवर आहे. परवाच मी हात लावून पाहिला. इतकी वर्षं झाली, ती कड अजून ओली आहे.